हरणीहून वासण्याला दोनशे पंधरा पाकिटं

मी फक्त पाच पाकिटं द्यायची असं ठरवून गेलो होतो. हे आधीच नमूद करून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून आमच्या सोसायटीत माझ्याविषयी बरेच गैरसमज पसरले आहेत. त्यातले काही मी स्वतःच पसरवले असल्यामुळे आता ते आवरणं जड जातंय.

पाकिटं म्हणजे जेवणाची. आमच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांचं दरवर्षी एक संमेलन भरतं. जुन्या चालीरीती, घरदार, कुटुंब यांना धरून राहणाऱ्या माणसांचा हा पक्ष, त्यामुळे संमेलनाला आचारी लावत नाहीत. गावातल्या घराघरांतून पाकिटं येतात. एका पाकिटात पाच पुऱ्या, सुकी भाजी, लोणच्याची एक फोड. कुणाच्या घरचं कोण जेवलं हे देणाऱ्याला कळत नाही आणि खाणाऱ्यालाही कळत नाही, कारण पाकिटावर नाव घालायचं नाही असा रिवाज आहे. यंदा संमेलन आमच्या बडोद्याला होतं, वासण्याच्या पुढच्या मैदानावर, आणि त्यात निवडणूक तोंडावर आलेली. अकरा हजार माणसं येणार होती.

मी स्वतः कार्यकर्ता नव्हे. विमा कंपनीत छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो आणि तेव्हापासून रोज सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता पक्षाच्या चुका मोठ्यानं दुरुस्त करतो. पक्षाला त्याचा किती उपयोग होतो ते माहीत नाही. सुनीती, म्हणजे माझी बायको, तोवर स्वयंपाकघराचं दार ओढून घेते.

पाकिटांच्या बैठकीला मी गेलो तो मुख्यतः पंखा चांगला असतो म्हणून. समोर कमळाबाई बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकेकाळच्या शाळामास्तरीण, अंगानं चिपाडाएवढ्या. हातात शंभर पानी वही आणि पेन्सिल. त्या नुसत्या एकेकाकडे बघायच्या आणि तो माणूस आकडा सांगायचा. कुणी पाच, कुणी दहा. माझ्या शेजारच्या गृहस्थानं "पंचवीस" म्हटलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं की माझ्यातले टिपणीस जागे झाले. आम्ही टिपणीस; माझे पणजोबा गायकवाड सरकारच्या दप्तरात होते. एका घराण्याला काही मान असतो.

"दोनशे," मी म्हणालो.

कमळाबाई वर बघतील, "नीट विचार करा" म्हणतील, मी नम्रपणे पाचावर येईन, असा माझा अंदाज होता. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"टिपणीस, हरणी," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "तुमच्या सोसायटीत त्रेचाळीस घरं आहेत. पाच-पाच धरली की दोनशे पंधरा होतात. तेवढीच लिहिते. रविवारी बारा वाजता मैदानावर."

मी त्या सोसायटीत अकरा वर्षं राहतोय आणि घरं त्रेचाळीस आहेत हे मला माहीत नव्हतं. या बाईंना कुठून माहीत असावं? वहीत डोकावून पाहिलं तर अख्खं बडोदं पेन्सिलीनं मांडलेलं. असा आदर मला आयुष्यात फक्त एकदा, एका फार कडक साहेबाविषयी वाटला होता, आणि तोही त्याची बदली झाल्यावर.

घरी येऊन मी बातमी सुनीतीला शक्य तितक्या सहज सुरात दिली.

"अहो, दोनशे पंधरा गुणिले पाच किती होतात?" तिनं विचारलं.

"एक हजार पंच्याहत्तर."

"तुम्हाला पुरी लाटता येते?"

"नाही."

"मग हा आकडा कुणाच्या भरवशावर दिलात?"

मी चपला घातल्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई यांच्याकडे गेलो. किरीटभाईंचं गाद्यांचं दुकान आहे आणि ते जन्मापासून विरुद्ध पक्षाचे आहेत. आमचं रोज संध्याकाळी बाकावर भांडण होतं, आणि ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी दोघांनाही जेवण जात नाही. मी त्यांना सगळं सांगितलं.

"जुओ टिपणीससाहेब," ते म्हणाले, "वोट तो मी तुमच्या पक्षाला देणार नाही. आ जन्ममां तो नहीं. पण माणस जमवा आव्यो ने, तो जमाडवो पडे." आलेल्याला जेवू घालायचंच, मग तो कुणाचा का असेना. आणि एवढं बोलून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावानं संदेश टाकूनसुद्धा दिला.

त्यानंतरचे चार दिवस आमची सोसायटी पुरी या एकाच विषयावर बोलत होती. दुसऱ्या मजल्यावरचं जैन कुटुंब म्हणालं, बटाटा आम्ही चिरणार नाही, कच्च्या केळ्याची भाजी देतो. चौथ्या मजल्याचं म्हणणं पडलं की एवढ्या उन्हात पुरी काय टिकणार, थेपलेच द्या, थेपले अमेरिकेपर्यंत जातात. लोणचं भाजीच्या शेजारी ठेवायचं की वेगळ्या कागदात, यावर ग्रुपवर एकशे सत्तेचाळीस संदेश पडले आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. कॉम्प्युटरवाल्या एका तरुण जोडप्यानं विचारलं, "अंकल, हे ऑनलाइन मागवलं तर चालेल?" मी म्हटलं, कार्यकर्त्याला घरचं जेवण मिळावं असा उद्देश आहे. ते म्हणाले, मग आम्ही आईकडून मागवतो, ती आणंदला असते. आईनं खरोखर पाच पाकिटं आणंदहून पाठवली. मला प्रत्येक घरातून सल्ला मिळाला, पण नाही असं एकाही घरानं म्हटलं नाही. यातली निम्मी घरं आमच्या पक्षाची नव्हती. हे पाहून खरं तर मी तेव्हाच गप्प व्हायला हवं होतं.

पण मग किरीटभाईंनी शंका काढली. "आचारसंहिता चालू छे. गाडीतून एवढं खाणं नेणार, परमिशन पाहिजे ने?"

टेम्पो त्यांचाच होता, दुकानाचा, दोन्ही बाजूंना झोपलेल्या बाईचं मोठं चित्र असलेला. मी परवानगीसाठी कचेरीत गेलो. पहिल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारलं, वाहन प्रचाराचं आहे का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग परवानगी कशाला हवी? मी म्हटलं, जेवण न्यायचंय. ते म्हणाले, मतदारांना जेवण देता येत नाही. मी म्हटलं, मतदारांना नाही, कार्यकर्त्यांना. ते म्हणाले, कार्यकर्ते मतदार नसतात का? यावर मी दुसऱ्या खिडकीवर गेलो. तिथला अर्ज चार पानी होता आणि त्यात झेंडा, फलक, भोंगा, मिरवणूक, हत्ती अशा सगळ्यांना रकाने होते, पुऱ्यांना नव्हता. तिसऱ्या खिडकीवरचा माणूस मनानं फार चांगला होता. तो म्हणाला, काका, उन्हाचे किती फिरता, हा भोंग्याच्या वाहनाचा परवाना घ्या, गाडीचा नंबर बरोबर असला म्हणजे झालं. मी तो घेतला. त्यावर शिक्का इतका सुरेख उठला होता की परत करवेना.

आता मी ज्या गोष्टीकडे येतोय ती मला टाळता आली असती तर टाळली असती. रिवाज असा की पाकिटावर नाव नको. पण टिपणिसांच्या घराण्यात गेल्या चार पिढ्या कुठलाही कागद, कुठलीही वस्तू नाव-तारखेशिवाय घराबाहेर गेलेली नाही. दोनशे पंधरा पाकिटं माझ्या एका शब्दावर उभी राहिलेली, आणि ती कुणाचीच नसल्यासारखी त्या मैदानात जाऊन पडायची, ही कल्पना मला सहन होईना. शनिवारी मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छोट्या चिठ्ठ्या छापून आणल्या. 'सप्रेम भेट : रमाकांत टिपणीस व परिवार, हरणी.'

सुनीतीनं पीठ मळता मळता चिठ्ठी वाचली. "यातला 'व परिवार' म्हणजे मी का?"

"त्यात तू येतेसच की."

"हो, येते खरी," ती म्हणाली आणि परत पिठाकडे वळली.

किरीटभाईंनी चष्मा लावून दोनदा वाचली. "नाव सरस दिसतं. पण बाकीच्या बेचाळीस घरांचं काय?"

मी म्हटलं, तीही परिवारात येतात. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पुढे त्यांनी डिंक आणून दिला हे मात्र मान्य केलं पाहिजे.

रविवारी दहाला आम्ही निघालो. मागे पाकिटांनी भरलेली खोकी, पुढे किरीटभाई आणि मी, मांडीवर परवाना. हरणीहून वासण्याला जायला फार तर पाऊण तास. अर्ध्या वाटेत निवडणुकीचा तपासणी नाका लागला. तंबूच्या सावलीत दोन पोलीस, एक कॅमेरावाला, आणि कुठल्याशा कॉलेजात शिकवणाऱ्या आणि निवडणुकीच्या कामावर पाठवलेल्या आकांक्षाबेन. वय असेल तिशीचं. फार अदबीनं बोलल्या. अदबीनं बोलणाऱ्या अधिकाऱ्याची मला नेहमीच जास्त भीती वाटते.

"काका, परवाना भोंग्याचा आहे," त्या म्हणाल्या. "भोंगा कुठे आहे?"

"भोंगा नाही."

"मग आत शुं छे?"

"पुऱ्या."

कॅमेरावाला पुढे सरसावला. मागचं दार उघडलं, आणि तळलेल्या पुऱ्यांचा आणि आठ-दहा तऱ्हेच्या भाज्यांचा वास त्या रस्त्यावर असा सुटला की दोन्ही पोलिसांनी एकदमच टोप्या काढल्या. आकांक्षाबेननी एक पाकीट उचललं, चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली.

"छापणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. निवडणुकीत छापील कागदावर तो लागतो. आणि खाण्याच्या पाकिटावर एका माणसाचं नाव." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही उमेदवार आहात?"

खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मला बरं वाटलं. पासष्टाव्या वर्षी, भर रस्त्यात, सरकारी कॅमेऱ्यासमोर कुणी तरी मला हे विचारत होतं. मी गळा साफ करत होतो तेवढ्यात किरीटभाई मध्ये पडले.

"ना बेन, उमेदवार नथी. अमस्तुं ज नाव छे."

"आणि तुम्ही? पक्षाचे?"

"हुं? हुं तो सामेवाळो छुं," किरीटभाई अभिमानानं म्हणाले. विरुद्ध पक्षाचा माणूस, गाद्यांचा टेम्पो, भोंग्याचा परवाना आणि हजारभर पुऱ्या. आकांक्षाबेन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पाणी मागवलं.

त्यांनी वर फोन केला, वरच्यांनी आणखी वर केला. पाऊण तासानं निकाल आला. संमेलनाला परवानगी आहे, त्यामुळे कार्यकर्त्यांचं जेवण जाऊ शकतं. चिठ्ठ्या जाऊ शकत नाहीत. प्रत्येक चिठ्ठी काढायची, कॅमेऱ्यासमोर, मोजून.

डिंक चांगल्या प्रतीचा होता. मी रस्त्याच्या कडेला खोक्यावर बसलो, बोट पाण्यात बुडवायचं, चिठ्ठी भिजवायची, नखानं खरवडायची. आधी 'सप्रेम' जायचं, मग 'भेट', आणि 'रमाकांत टिपणीस' एवढं शेवटपर्यंत चिकटून राहायचं. सरकारी कॅमेरा माझं नाव माझ्याच हातानं खरवडलं जाताना टिपत होता. येणारे-जाणारे स्कूटर थांबवून विचारत होते, "शुं थयुं काका?" किरीटभाई सगळ्यांना सविस्तर सांगत होते. चाळीस झाल्या, साठ झाल्या. घड्याळात बारा वाजले तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या इज्जतीचा विसर पडला आणि दुसरंच काही आठवलं. मैदानावर दोनशे पंधरा माणसं भुकेली होती. पहाटे कुठून कुठून गाड्या पकडून आलेली. आणि त्यांचं जेवण माझ्या नावाखाली अडकून पडलं होतं.

मी कमळाबाईंना फोन लावला. "बाई, नाक्यावर अडकलोय. चूक माझीच आहे. तास-दीड तास लागेल."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. रागावल्या असत्या तर मी सावरलो असतो. त्या 'बरं'नंतर मी दोन-दोन चिठ्ठ्या एकदम खरवडायला लागलो.

मी इतका घायकुतीला आलेला पाहून एका पोलिसानं खोकं पुढे ओढलं आणि तोही खरवडायला बसला. मग दुसरा. शेवटी आकांक्षाबेन उठल्या, ओढणी मागे बांधली आणि म्हणाल्या, "लावो काका, द्या इकडे, माझी नखं मोठी आहेत." सव्वा वाजता शेवटची चिठ्ठी निघाली. त्यांनी कागदावर लिहिलं, दोनशे पंधरा, आणि माझी सही घेतली. किरीटभाईंनी टेम्पो असा हाकला की बाजूवरच्या त्या बाईचीही झोप मोडली असेल.

मैदानावर पोचलो आणि मी टेम्पोतून उतरायचं विसरलो. अकरा हजार माणसं मांडवाखाली रांगांत बसली होती, आणि मांडवाच्या त्या टोकाची माणसं इथून मुंग्यांएवढी दिसत होती. कुठे आरडाओरडा नाही, धावपळ नाही, भोंगा बंद. रिकामी पाकिटं प्रत्येकानं चार घड्या घालून स्वतःच्या मांडीखाली ठेवलेली. जमिनीवर कागदाचा एक कपटा दिसेना. सगळे जेवलेले होते. मी मनातल्या मनात पुन्हा हिशेब केला. दोनशे पंधरा पाकिटं माझ्याकडे होती, मग हे सगळे जेवले कशानं?

किरीटभाई टेम्पोला टेकून बघत होते. "आमच्यावाल्यांकडे आवी शिस्त नहीं जमे," ते हळूच म्हणाले, आणि लगेच भानावर येऊन पुढे म्हणाले, "पण जेवण तिकडे सरस असतं हां."

मी कमळाबाईंना शोधत निघालो. रांगांमधून लोक घागरी घेऊन पाणी वाढत फिरत होते. बायका, म्हातारे, दोन डॉक्टर, एक वकील माझ्या ओळखीचा. सकाळी सहापासून उन्हात उभे असलेले हे वाढपी. त्यातल्या एका सुभानराव नावाच्या सत्तरीच्या गृहस्थांनी मला पाणी दिलं. मी विचारलं, "सगळ्यांना पुरलं कसं हो?"

"पाकिटं कमी पडत होती," ते सहज म्हणाले. "मग वाढप्यांची होती ती पुढे दिली. आम्ही घरी जाऊन जेवू की. लांबून आलेला माणूस उपाशी कसा जाईल?"

"पंगतीत कुणाला कळलं?"

"कळायचंय काय त्यात?"

त्यांच्या ओठांवर पापुद्रे आले होते आणि हातातली घागर भरलेली होती. माझ्या एका चिठ्ठीच्या हौसेपायी दोनशेवर माणसं दुपारपर्यंत उपाशी राहिली, आणि त्यांच्यापैकी कुणाला तो टिपणीस कोण हे जाणून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. मला अतिशय लाज वाटली. आणि त्याच वेळी असं वाटलं की निवृत्तीपासून वर्तमानपत्रातून मी ज्याच्या चुका काढत बसलो ते हे, आणि यातलं मी काहीच कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा," मी सुभानरावांना म्हटलं. "घागर खाली ठेवा. तुमचं जेवण आलंय."

मग मी धावलो. पासष्टाव्या वर्षी, गुडघ्यांची पर्वा न करता. किरीटभाई आणि मी खोकी उतरवली आणि सगळ्या वाढप्यांना मांडवाच्या मागे सावलीत बसवलं. मी वाढलं, वाकून, प्रत्येकाला, दोन्ही हातांनी. पंगतीत आणंदची पाकिटं होती, थेपले होते, केळ्याची भाजी होती. एक कुणी तरी भाजी चाखून म्हणाला, "यात गोडा मसाला आहे बुवा." ती सुनीतीच्या हातची होती. माझ्या ओठांवर वाक्य आलं, मी ते गिळलं आणि त्याच्या पेल्यात पाणी ओतलं.

शेवटी एक पाकीट उरलं. कमळाबाई एका खुर्चीवर वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी पुढे जाऊन उभा राहिलो. येताना चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"बाई, माझ्यामुळे..."

"जेवलात का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही?"

त्यांनी हात पुढे केला. पाकीट माझ्या हातातून घेतलं, उघडलं, दोन पुऱ्या मला, दोन किरीटभाईंना दिल्या, आणि उरलेली एक स्वतः घेतली. "वाढलंत छान," म्हणाल्या. आम्ही तिघं तिथेच जेवलो. पुरी थंड होती, चिवट झाली होती. तशी पुरी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

हात धुतल्यावर मी बाजूला जाऊन घरी फोन लावला. सुनीती पहाटेपासून चुलीपुढे होती. आपली पाच पाकिटं झाल्यावर आजारी शेजारणीची पाचही तिनंच केली होती, आणि मी निघालो तेव्हा परातीत पीठ उरलेलं नव्हतं.

"पोचली का सगळी?" तिनं विचारलं.

"पोचली. तू जेवलीस का?"

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"किरीटभाईंना द्या जरा फोन," ती म्हणाली.

मी दिला. किरीटभाईंनी ऐकून घेतलं, मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, माझ्या कपाळाला हात लावला. "ना भाभी," ते म्हणाले, "तडको नथी लाग्यो, ऊन-बिन लागलेलं नाही. एकदम ठीक छे," आणि फोन परत माझ्या हातात दिला.

"नाही जेवले अजून," सुनीती म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा लागत होता. "या तुम्ही. खिचडी टाकते, बरोबरच बसू."